बारदानावरची शाळा

पुण्या-मुंबईकडे कुठे ओळख निघाली आणि "आम्ही कन्नडच्या शाळेत शिकलो" म्हटलं, की समोरचा हमखास म्हणतो, "अरे वा, मग कन्नड चांगलं येत असेल!" नाही हो. कन्नड हा आमचा तालुका. संभाजीनगरहून चाळीसगावला निघालं की घाट लागायच्या अलीकडचं गाव. भाषा मराठीच, थोडी उर्दू, आणि घाटाखालच्या सोयरिकींमुळे थोडी अहिराणी. कानडीचं अक्षर नाही. हे समजावून सांगण्यात आमच्या पिढीचं निम्मं आयुष्य गेलं.

तर त्या कन्नडच्या, आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेचा वाढदिवस आहे. कितवा, यावर अजून एकमत नाही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर एक पक्ष म्हणतो, जिल्हा परिषदा झाल्या १९६२ साली, तिथून धरा. दुसरा म्हणतो, मग आपले आजोबा काय झाडाखाली शिकले? आजोबा शिकले निजामाच्या राज्यात. तेव्हा पहिल्या पायरीच्या शाळेला तहतानिया म्हणत, मधलीला वस्तानिया, वरचीला फौकानिया. आणि वर जाल तशी सगळी उर्दूच. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान गेलं, पण आजोबांच्या तोंडचं 'इम्तिहान' काही गेलं नाही. मार्च लागला की ओट्यावरून रोज एकच हाक, "इम्तिहान कधी आहे रे?" आम्ही रोज सांगायचो, ते रोज विसरायचे.

वादाचा निकाल लागेल तेव्हा लागो. आम्हाला आठवतं ते बारदान.

शाळेत बाक नव्हते. बसायला ज्याचं त्यानं आणायचं. घरातल्या रिकाम्या पोत्यांचा हिशेब आईकडे, आणि त्या बाबतीत ती सावकारापेक्षा कडक. आठ-दहा पोती झटकून बघायची आणि उंदरानं सगळ्यात जास्त कुरतडलेलं नेमकं आमच्या वाट्याला द्यायची. मग ते उसवायचं, चौपदरी करायचं, दाभणात सुतळी ओवून चारी बाजूंनी टाके घालायचे. बोटाला दाभण लागलं की बोट तोंडात आणि टाका चालूच. ओळखीसाठी एका कोपऱ्याला लुगड्याच्या काठाची चिंधी. झालं बसकर तयार. ते गुंडाळून काखेत, युरियाच्या पोत्याचं दप्तर खांद्याला, की निघाली स्वारी.

पोत्यात आधी काय भरलेलं होतं ते वर्गात शिरताच कळायचं. हरभऱ्याचं पोतं बरं. सरकीचं तेलकट, त्यावर बसलं की चड्डीला डाग. साखरेचं पोतं ज्या पोरीकडे होतं ती आम्हाला श्रीमंत वाटायची. मुंग्या पण तिच्याकडेच जायच्या. आणि एकाला मिरचीचं पोतं मिळालेलं. तो पहिली ते चौथी शिंकत होता. त्याच्या शेजारी बसायची शिक्षा छडीपेक्षा वाईट.

पण बसकर ही उसनवारीच होती. सुगी आली, खळी लागली, की आईला पोती कमी पडायची. मग चिंध्यांची बसकरं घरी जायची, टाके उसवले जायचे, आणि बसकराचं पुन्हा पोतं व्हायचं. आम्ही तेवढे दिवस सारवलेल्या भुईवर बसून पावकी, निमकी, पाऊणकी घोकायचो. पोतं परत शाळेत यायचं तेव्हा त्याला नव्या बाजरीचा वास असायचा.

एकटं बारदानच का, शाळेतली एकेक वस्तू आधी कुठे ना कुठे दुसऱ्या कामावर होती. पाण्याचा पिंप म्हणजे डांबराचा ड्रम, जाळून घासलेला. छडी कुणाच्या तरी कुंपणाची निरगुडी. फळा फिका पडला की बॅटरीचे संपलेले सेल फोडायचे, आतला कोळसा कुटायचा, हिरव्या पाल्याच्या रसात कालवून चिंधीनं फासायचा. त्या दिवशी सगळा वर्ग कोपरापर्यंत काळा. मैदानावर टाकायला शिवनेची वाळू, दर पोरामागे दोन घमेली. घंटा म्हणजे रुळाचा हातभर तुकडा. आता कन्नडला रेल्वे कुठली? तो रूळ चाळीसगावहून ट्रकात बसून घाट चढून आलेला. गावात आजतागायत रेल्वे आली नाही, पण आम्ही रोज सकाळी तिच्या रुळाच्या आवाजावर धावलो.

आमच्या चड्ड्यांचंही तेच. थोरल्याची मधल्याला, मधल्याची धाकट्याला. मागे दोन गोल ठिगळं लागली की त्याला चष्मा म्हणायचे. पुस्तकं वरच्या वर्गाकडून अर्ध्या किमतीत घ्यायची, कणकेच्या खळीनं पुठ्ठे चिकटवायचे. पुस्तकावर आधीच्या दोघांची नावं खोडलेली असायची आणि समासात त्यांची उत्तरं, बहुधा चुकीची.

गुरुजींची एक लांबोडकी वही होती. 'शाळेस आलेल्या वस्तू'. कुणी काय दिलं ते त्यात सुबक अक्षरात: सुतळी, एक गड्डा. खडू ठेवायला डबा, एक. घमेली दोन, पुढे 'परत करणे'. पैशाची नोंद औषधाला सापडायची नाही.

१९७२ च्या दुष्काळात मात्र त्या वहीत मोठा खंड पडला. मायबाप खडी फोडायला, पोरंही त्यांच्यामागे. सकाळी पट अर्धा, पण दुपारी सुकडी वाटायच्या वेळेला वर्ग भरलेला. डब्याची झाकणं, जर्मनच्या ताटल्या, एकानं तर कंदिलाचा पत्रा आणलेला. घरोघरी लाल मिलोच्या भाकरी. थापताना तुटायच्या, खाताना तुटायच्या नाहीत. त्या वर्षी बसकरांची अडचण कुणालाच पडली नाही. सुगीही आली नाही आणि पोती परत मागायलाही कुणी आलं नाही. एकेकाच्या बुडाखाली दोन-दोन बारदानं. आम्हाला तेव्हा मऊ लागलं एवढंच.

चांगली वर्षं परतल्यावर पितळखोऱ्याला सहल निघाली. लेणी बघून झाल्यावर कड्याशी उभं करून गुरुजींनी खालचं रान दाखवलं. तिकडे पाटण, चाळीसगाव तालुक्यात. लीलावतीचं गणित लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, त्यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला. त्याचा शिलालेख १२०७ सालचा, आणि संस्कृतानंतर शेवटी मराठीतही मजकूर. आम्हाला गणिताशी वैर, म्हणून आम्ही भाकरी सोडायच्या नादात. तेवढ्यात गुरुजी म्हणाले, "मठ कशावर चालायचा माहीत आहे का? बाजारातल्या मालावरचा कर, आणि तेलाच्या घाण्यामागे पळी-पळी तेल." एक जण पटकन म्हणाला, "गुरुजी, म्हणजे त्यांचीपण वही होती!" गुरुजी असे हसले की काखेतली छत्री खाली पडली.

आता वाढदिवसाची वर्गणी चालू आहे. दुबईवाल्यानं मोठा टीव्ही दिला, त्याला आता स्मार्ट बोर्ड म्हणायचं. एकीनं पंखे, एकानं मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी. सगळं ऑनलाइन, नाव, रक्कम, वर हात जोडलेले. बाक तर कधीचे आले; पोरांना बारदान म्हणजे काय हे दाखवायला आम्हाला आडत दुकानात फिरावं लागलं, आता तिथेही प्लास्टिकच्या गोण्या.

काल आमच्या वर्गातला एक जण ग्रुपवर उगवला. गावातच राहिलेला, शेती करणारा. ग्रुपवर एरवी फक्त पावसाची चौकशी करतो. "पैसे सध्या नाहीत. अद्रक आहे. कार्यक्रमाच्या चहाला चालेल का?" सकाळी तो मोटारसायकलवर पोतं आडवं टाकून स्वतःच शाळेत आला. पोतं खरं तागाचं. आम्ही सगळ्यांनी आधी पोत्यालाच हात लावून बघितला, मग अद्रकाला. हिशेब लिहिणारी आमच्याच बरोबरची, साखरेच्या पोत्यावर बसणारी. ती मोबाइलमध्ये नोंद करायला लागली तर तो म्हणाला, "नीट वहीत लिही."

मग एक वही आणवली. पहिल्याच पानावर तिनं लिहिलं: अद्रक, अर्धं पोतं. पोतं परत करणे.