कान मोकळे असतात तेव्हा

सांगली–सातारा एस.टी. आष्टा मागे पडलं की मी इयरफोन लावते. आदल्या रात्री घरच्या वायफायवर पॉडकास्टचे दोन भाग उतरवून घेतलेले असतात, त्यामुळे वाटेत रेंज गेली तरी बोलणं तुटत नाही.

आई विचारते, "रेडिओच ना हा?" जवळजवळ. रेडिओ त्याच्या वेळेला लागतो, पॉडकास्ट आपल्या. करणारा आपला भाग इंटरनेटवर ठेवतो, सोबत भागांची यादी. तिला फीड म्हणतात. ॲपमध्ये एकदा 'फॉलो' दाबलं की ॲप ती यादी अधूनमधून बघून येतं आणि नवा भाग पुढ्यात ठेवतं. पेपरवाल्याला एकदा सांगून ठेवावं तसं. 'पॉडकास्टिंग' हा शब्द 2004 सालचा, बेन हॅमर्स्ली या पत्रकाराने 'गार्डियन'मध्ये वापरलेला. 'आयपॉड' आणि 'ब्रॉडकास्ट' जोडून झालेला.

पुढच्या भागाची वाट पाहणं आपल्याकडे जुनंच. आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्यात जन्मलेल्या गदिमांचं गीतरामायण 1955-56 मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक गीत असंच आलं. एकूण 56.

चुलतभावाच्या शेतातल्या मोटरीला रात्रीची लाईट. कपाळाला बॅटरी, सदऱ्याच्या खिशात मोबाईल, त्यावर बीबीसी मराठीचं 'गोष्ट दुनियेची'. उसाला दारं धरताना इयरफोन तो लावत नाही. सरी फुटली तर पाण्याच्या आवाजावरून कळावी लागते. लक्ष पाण्याकडे गेलं तर तोच भाग दुसऱ्या दिवशी पुन्हा लावतो.

तासगावकडे द्राक्षाच्या विरळणीला बायका मोबाईल मांडवाच्या तारेला अडकवतात. यूट्यूबवर कीर्तन. पण स्क्रीन चालू ठेवावी लागते, दुपारपर्यंत चार्जिंग संपतं. पॉडकास्टचं ॲप स्क्रीन बंद करूनही चालतं, हे त्यांना कुणी दाखवलेलंच नाही.

मोहित्यांचे वडगाव या गावात मात्र संध्याकाळी सातला भोंगा, दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. तेव्हा पॉडकास्टही बंद. योग्यच.

म्हसवडचा कम्युनिटी रेडिओ म्हणजे माणदेशी तरंग वाहिनी, 90.4 एफएम. 2008 पासून माणदेशातल्या माणसांशी त्यांच्याच बोलीत बोलते. पण अशा रेडिओचा आवाज आसपासच्या गावांपलीकडे फारसा पोचत नाही, आणि इथली माणसं तर लांब गेलेली. विटा-आटपाडीकडचे गलाईवाले, सोनं-चांदी गाळणारे, देशभर पसरलेत. त्यांची पोरं तमिळ, तेलुगू शाळांत शिकतात. मी ऐकते ते मराठी पॉडकास्ट बहुतेक पुण्या-मुंबईच्या बोलीतले. चांगले आहेत, मी रोज ऐकते. पण त्या पोरांच्या कानी आजीची बोली जायला हवी, आणि त्याला स्टुडिओ लागत नाही.

रविवारी आत्याकडे गेले. तिची नातवंडं कोइमतूरला. पंखा बंद केला, आवाज घुमू नये म्हणून दारावर वाकळ टाकली, मोबाईल रेकॉर्डिंगला लावून तिच्यापासून वीतभर अंतरावर ठेवला. बहात्तरच्या दुष्काळातल्या खडी फोडायच्या कामावर ती बोलली, बावीस मिनिटं. मध्येच हातोड्याचा आवाज तोंडाने काढून दाखवला. मी रेकॉर्डिंग थांबवल्यावर म्हणाली, "आगं, सुकडीचं सांगायचं ऱ्हायलंच की."