भरीचं कापड

सातव्या महिन्यात मी माहेरी सांगलीला आले, तेव्हा 1990 ची दिवाळी नुकतीच संपली होती. पहिलं बाळंतपण, त्यातून जानेवारीत, म्हणजे कडाक्याच्या थंडीत. आईनं डिंक, आळीव, बाळंतशेपा डब्यांत भरून ठेवल्या होत्या. झबली, टोपरी, कुंच्या शिवून तयार होत्या. राहिली होती ती बाळाची वाकळ. पुण्यात तिला गोधडी म्हणतात, आमच्याकडे वाकळच. आणि वाकळ म्हटलं की आक्का.

आक्का आमच्या वाड्याच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायची. नात्याची नव्हे, गोत्याची नव्हे. तरुणपणीच नवरा गेलेला, मूलबाळ नाही. गल्लीतल्या घरांच्या वाकळा शिवून ती पोट भरायची. तिच्याजवळ दोन लुगडी होती, एक अंगावर नि एक दोरीवर. आईला ती वहिनी म्हणायची, मला पोरी. मी तिला अगं-तुगंच करायचे, आमच्याकडे आजीलाही तसंच म्हणतात.

आईनं जुनेरांचं गाठोडं सोडलं आणि आक्का त्याच्यापुढं मांडी घालून बसली. तिचं कापड पारखणं मला आजही डोळ्यांपुढं दिसतं. कापड दोन अंगठ्यांच्या मध्ये धरायची, कानाजवळ न्यायची आणि ताणायची. ‘चर्र’ असा बारीक आवाज आला की डावीकडं टाकायची, भरीला. आवाज आला नाही की उजवीकडं, अस्तराला. मग उजवीकडचं पुन्हा उचलून उजेडापुढं धरायची. लुगडं सगळीकडं सारखं झिजत नाही. बसून बसून मागचा भाग विरतो, गुडघ्यावरचा विरतो, पण निऱ्यांच्या आत दडलेला भाग आणि काठाकडची पट्टी वर्षानुवर्षं टणक राहते. हे तिनं मला शिकवलं असं म्हणणार नाही, ती फक्त करत गेली आणि मी बघत गेले.

वडिलांचा टेरिकॉटचा शर्ट मी हौसेनं पुढं केला. मला तो हवाच होता, बापाची आठवण म्हणून. आक्कानं बाजूला सारला. ‘ह्यो घाम पीत न्हाई, पोरी. आन् शेजारच्या सुती कापडाला कापून काढतो.’ तेव्हा मला राग आला होता. पुढं स्वतः शिवायला लागले तेव्हा कळलं, की मऊ सुताशेजारी चिवट धागा बसवला तर दर धुण्याला सूत तुटतं आणि तो धागा तसाच राहतो. वडिलांचा म्हणून मग त्यांचा सुती लेंगा घेतला. आजोबांचं धोतर घेतलं. माझे परकर-पोलक्यांचे तुकडे घेतले, त्यांची बटणं, हूक, दुहेरी शिवणी काढून. आईचं लाल इरकल वरच्या बाजूला. त्याचा रंग जातो का, ते आक्कानं ओल्या पांढऱ्या चिंधीनं चोळून पाहिलं. बाळाच्या अंगाला लागणारी खालची बाजू मात्र आजीच्या लुगड्याची. आजी जाऊन चार वर्षं झाली होती. ते लुगडं इतक्यांदा धुतलेलं की त्यातली खळ कधीच निघून गेली होती. तान्ह्या बाळाला नवं कापड लावत नाहीत, आधी जुनेरात गुंडाळतात, ते उगीच नव्हे. नवं कापड ताठ असतं, टोचतं, आणि धुतल्यावर आटून शिवणीला चुण्या पाडतं. जुनेर काय आटायचं ते आधीच आटलेलं असतं.

मी वीत पसरून बाळाचं माप दाखवलं. आक्का म्हणाली, ‘बाळाच्या मापाचं शिवू नगंस, पोराच्या मापाचं शिव. बाळ चार म्हैन्यांत वाढतंय.’ आजीच्या लुगड्याचा पन्हा बरोबर पाच विता भरला, म्हणून रुंदी पाच विता आणि लांबी सात. म्हणजे मूल सहा-सात वर्षांचं होईपर्यंत पायाखाली पुरेल.

सोप्यावर सारवून, वाळवून आजीचं लुगडं पसरलं. त्यावर धोतर, त्यावर लेंग्याचे नि परकराचे तुकडे जोडून. आक्का तळहात फिरवत राहिली. ‘वहिनी, भर कमी पडतीया. थंडीचं बाळ हाय.’ आईनं गाठोडं झटकलं, पण त्यात काही उरलं नव्हतं. गेल्याच महिन्यात बोहारणीला चांगलं ओझंभर जुनेर देऊन तिनं स्टीलचं पातेलं घेतलं होतं. ती चुकचुकली. राहू दे, आहे तेवढ्यावर शिवू, असं ठरलं आणि आम्ही झोपलो.

सकाळी मी उठून येईपर्यंत आक्कानं वर लाल इरकल घालून चारी कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता, दोन डबे ठेवले होते आणि पहिला वेढा टाचायला घेतला होता. मी हात फिरवला तर जाड लागलं. ‘पुरलं का गं?’ विचारलं. ‘पुरलं,’ म्हणाली.

पुढचे पंधरा-वीस दिवस आम्ही समोरासमोर बसून शिवत होतो. कडेकडेनं सुरुवात करून आत आत जायचं, चौकोनात चौकोन, दोन ओळींत एका बोटाचं अंतर. असे तीसेक वेढे झाले. दोरा हाताच्या बोटापासून खांद्यापर्यंतच तोडायचा, त्याहून लांब घेतला की गुंततो आणि कापडातून ओढून ओढून विरतो. मेणावरून एकदा फिरवायचा. गाठ नेहमी दोन थरांच्या मध्ये ओढून घ्यायची, बाळाच्या अंगाला बोचता कामा नये. टाका तांदळाच्या दाण्याएवढा. माझं पोट आड यायचं, टाके लांब पडायचे. ती काही न बोलता सुईच्या टोकानं त्या टाक्यावर टिचकी मारायची. ते मुकाट्यानं उसवायचं. एकदा मी चिडून म्हणाले, एवढं कोण बघतंय? तर म्हणाली, ‘लांब टाक्यात पोराचं बोट अडकतंय. आंगठा अडकला की वढतंय. वढलं की फाटतंय.’

वाकळ का टिकते हे त्या दिवसांत माझ्या बोटांना कळलं. आत कापूस नसतो, त्यामुळं सरकून गोळा व्हायला काही नसतं. पाच थर दर बोटाबोटावर एकमेकांना बांधलेले असतात. एक थर विरला तरी दोरा त्याला धरून ठेवतो आणि शेजारचा थर भार घेतो. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका अशाच जुन्या कापडांच्या ‘कवंद’ शिवतात. त्यांचे नमुने पाहिले तेव्हा तेच दाट टाके, तेच कडेकडेनं आत जाणं दिसलं. कोपऱ्यांवर त्या कापडाची फुलं बसवतात, एवढं आमच्यात नव्हतं.

आक्कानं मजुरी घेतली नाही. आईनं पैसे पुढं केले तर तिनं हात मागं घेतले.

मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं. पाळण्यात ती वाकळ अंथरली होती. बायकांनी पाळण्याच्या दोन्ही बाजूंना बसून ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ म्हणत बाळाला खालून-वरून दिलं-घेतलं. आक्का मागच्या दारात उभी होती, चौकटीला टेकून. विधवेला त्या वेळी कुणी पुढं बोलावत नव्हतं. मी बाळंतीण, पाटावर बसलेली, तिच्याकडं बघितलं आणि नजर वळवली. एक हाक मारली असती तर कुणी मला खाऊन टाकणार नव्हतं. मारली नाही.

आक्का 2003 साली गेली. मी पुण्यात होते, दोन दिवसांनी कळलं. वाकळ तोवर माझ्या मुलीच्या शाळेच्या सहलींना जाऊन, तंबूत अंथरून, मांजराच्या बाळंतपणाला वापरून, परत माहेरच्या ट्रंकेत येऊन पडली होती.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीला आयर्विन पुलाजवळ 45 फूट ही धोक्याची पातळी, पाणी 57 फुटांवर गेलं. आईला शेजाऱ्यांनी वेळेवर वरच्या मजल्यावर नेलं होतं, पण खालच्या खोल्यांत आठवडाभर पाणी होतं. ते ओसरल्यावर मी पोचले तर रस्त्याच्या दोन्ही कडांना गाद्यांचे ढीग लागलेले. कापसाच्या गाद्या चिखल पिऊन दगड झाल्या होत्या, कुणाची एकही वाचली नव्हती. आमच्याही चार गेल्या. ट्रंक उघडली, तर वाकळ चिखलाचा एक ठोकळा.

मी ती हौदात टाकली. पहिल्या पाण्याला नुसता गाळ, पाचव्याला तांबूस, दहाव्याला गढूळ. चौदाव्या पाण्याला इरकलीचा लाल दिसला. भर जागच्या जागी होती, एक वेढा सुटला नव्हता. तिथं मी घाई केली. ओली वाकळ किती जड होते याचं भान राहिलं नाही, एक कोपरा धरून उचलली आणि कोपरा फाटला. तिच्याखाली चादर घालून चौघींनी उचलायला हवी होती.

दोन दोऱ्यांवर आडवी टाकून तीन दिवस वाळवली. मग फाटका कोपरा घेऊन उन्हात बसले. लाल कापडाखाली मला जांभळं दिसलं. जांभळ्यावर बारीक पांढरी चौकडी. आमच्या घरात चौकडीचं कुणी नेसत नव्हतं. मी कडेचा वेढा वीतभर उसवला, मग दुसऱ्या बाजूनं वीतभर. जांभळं तिथंही होतं. तुकडा नव्हता तो, अख्खा थर होता, पाच विता बाय सात विता. अंगठ्यांत धरून कानाशी ताणलं. आवाज आला नाही. एकोणतीस वर्षं आणि एक पूर होऊनही आला नाही. भरीला कुणी इतकं धड कापड घालत नाही.

आईला डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. तिच्या हातात दिलं, तिनं बोटांनी चौकडी चाचपली आणि म्हणाली, ‘हे आक्काचं.’ मग बऱ्याच वेळानं म्हणाली, ‘बारशानंतर मी तिला माझं एक लुगडं दिलं होतं. एकावरच भागवत होती. जांभळं कुठं गेलं विचारलं तर म्हणाली, विरलं.’

म्हणजे बारशाच्या दिवशी ती दारात उभी होती ते एका लुगड्यावर. दुसरं पाळण्यात होतं, माझ्या मुलीखाली, आणि गोविंद घेताना-गोपाळ देताना सगळ्या बायकांचे हात त्यावरून फिरत होते. माझाही फिरला होता.

फाटक्या कोपऱ्याला नवं ठिगळ लावायचं असतं. आईकडं चांगली कापडं होतीही. मी लावलं नाही. इरकलीच्या फाटक्या कडा आत दुमडल्या आणि जांभळं वर उघडं ठेवून त्याच्या भोवतीनं शिवलं. मूल वाकळ ओढतं ती नेहमी कोपऱ्याला धरून, तिथंच हाताला लागेल असं.

आता ती वाकळ माझ्या नातीच्या अंगावर असते. झोप आली की ती तोच कोपरा मुठीत धरते आणि चौकडीवरून अंगठा फिरवते. त्या कोपऱ्यातले माझे टाके लांब पडलेत, दोन-तीन तर चांगलेच. या सुट्टीत ते उसवून परत घालणार आहे.