जोडीचा भाव

जुन्या वस्तूचा भाव सांगणं हे माझ्या मते स्थळ सुचवण्याइतकंच नाजूक काम आहे. खरं बोलावं तर घरचे दुखावतात आणि गोड बोलावं तर पुढं आपणच तोंडघशी पडतो. त्यातून ती वस्तू म्हणजे वडिलांनी हौसेनं घेतलेले आणि त्यांच्या मागं कोपऱ्यात धूळ खात पडलेले स्पीकर असले, की मग विचारूच नका!

आमच्या जालन्यात ही पंचाईत जरा जास्तच. ‘जालना सोने का पालना’ असं म्हणायची इथं जुनी रीत आहे; पण आजचं जालना लोखंडाचं. गावोगावचं भंगार इथं येतं, भट्टीत वितळतं आणि सळया होऊन बाहेर पडतं. अशा गावात प्रत्येक वस्तूचा एक भाव तयारच असतो, किलोचा! भंगारवाला स्पीकर उचलतो, मागचा लोहचुंबक चाचपतो, पेटी लाकडाची की भुशाची ते बघतो आणि काटा पुढं करतो. मी त्याला कमी लेखत नाही. किमतीचा तळ तोच दाखवतो. प्रश्न असतो तो तिथून वर किती चढायचं याचा.

जुने स्पीकर बघण्याचा मला नाद आहे, म्हणून लोक बोलावतात. गेल्यावर चहा येतो आणि चहापाठोपाठ घरातला नातू मोबाइल घेऊन येतो. “काका, हे बघा! अस्सेच स्पीकर अमेरिकेत किती डॉलरला आहेत!” मी त्याला म्हणतो, “बाळ, हे मागितलेले पैसे झाले. मिळालेले किती, ते शोध.” मागायला कुणाचं काय जातं? खरोखर विकल्या गेलेल्या जोड्यांचे आकडे पाहावेत, त्यातून जड पेट्या मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकाकडे पोचवण्याचा खर्च वजा करावा आणि उरेल त्यावर बोलावं.

पण आधी स्पीकर जिवंत आहे का, हे बघायला हवं. माझी हत्यारं तीनच. पहिलं म्हणजे बोटं. कागदी कोन दोन्ही बाजूंनी अलगद, सारखा दाबायचा. आत खरखर लागली तर कॉइल घासते आहे. दुसरं, १.५ व्होल्टचा सेल. तो क्षणभर तारांना टेकवला की कोनानं ‘टक्’ करून ओ द्यायला हवी. तिसरं, मीटर. ८ ओहमच्या स्पीकरला साधारण ६ दिसले, म्हणजे नाडी ठीक.

मग बघायची कोनाच्या कडेची पट्टी. ती फोमची असेल तर १५-२० वर्षांत तिचा चुरा होऊ लागतो. मग स्पीकर रोज वाजलेला असो की दुलईत गुंडाळून ठेवलेला असो. कापडाची पट्टी मात्र ५० वर्षांनीही शाबूत सापडते. जपून ठेवलं की किंमत टिकते, हा घरोघरचा समज इथं साफ लटका पडतो. पट्टी बदलता येते. पण तो खर्च भावातून वजा. भुशाची पेटी पावसात फुगली असली तर आणखी वजा.

कधीकधी बेरीजही असते. जुन्या काळच्या पुष्कळ लोहचुंबकांत ॲल्युमिनियम आणि निकेलबरोबर कोबाल्ट असे. १९७८ साली आफ्रिकेतल्या झाईरमध्ये कोबाल्टच्या खाणींच्या प्रांतात लढाई पेटली, कोबाल्टचा भाव भडकला आणि स्पीकर करणारे स्वस्त फेराइटकडे वळले. त्यामुळे त्याआधीचा चुंबक दिसला की शौकिनाचे डोळे चमकतात. लढाई कुठली आणि भाव वाढला कुणाच्या माजघरातल्या पेटीचा!

ही सगळी वजाबाकी-बेरीज मी एकदा जुन्या जालन्यातल्या एका घरी मांडून बसलो होतो. वडील जिनिंग फॅक्टरीत हिशेबनीस होते. ते गेल्यावर दोघा भावांनी सगळं निम्मं-निम्मं वाटून घेतलं, स्पीकरसुद्धा! एक पेटी थोरल्याकडे जुन्या जालन्यात, दुसरी धाकट्याकडे नव्या जालन्यात. मधे कुंडलिका नदी आणि बोलणं बंद.

“याचं काय येईल?” थोरल्यानं विचारलं.

“एकट्याचं? भंगारवाला देईल त्याहून थोडं जास्त.”

“आणि जोडीचं?”

“याच्या कितीतरी पट.”

हिशेबनिसाच्या मुलाला ते पटेना. “एक आणि एक दोनच ना हो?”

मग मला त्याला स्टिरिओ सांगावा लागला. ब्लमलाइन नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १९३१ साली त्याच्या पेटंटचा अर्ज केला. तशा रेकॉर्डी बाजारात सर्रास यायला १९५८ साल उजाडलं. त्यातली खुबी अशी, की एका पेटीतून सतार येते, दुसरीतून तबला येतो. पण गाणारी बाई कुठल्याच पेटीत नसते. दोन्हींतून तिचा आवाज सारखा निघतो आणि ती मधल्या रिकाम्या जागेत उभी राहिल्यासारखी वाटते. एक पेटी काढून नेली की ती जागाच नाहीशी होते. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते त्या रिकाम्या जागेचे.

थोरला बराच वेळ गप्प बसला. मीही चहा संपवून उठलो.

दोनेक महिन्यांनी त्यांच्या बहिणीकडून मला बोलावणं आलं. दोन्ही पेट्या तिच्या घरी मांडलेल्या. दोघे भाऊही हजर. “विकायच्या आधी तपासून घ्याव्या म्हटलं,” एवढंच बोलले. रेकॉर्ड लागली. आता असा आवाज नीट ऐकायचा तर दोन्ही पेट्यांपासून सारख्या अंतरावर बसावं लागतं आणि ती जागा जेमतेम एका माणसापुरती असते. दोघे तिथंच खांद्याला खांदा घासत बसले. सरकून बस, असं कुणीच कुणाला म्हटलं नाही.

रेकॉर्ड संपल्यावर मी माझा आकडा सांगितला. चांगला होता. थोरला म्हणाला, “एवढ्याला द्यायच्या?”

धाकटा म्हणाला, “दादा, तूर्त राहू देत.”

पेट्या अजून बहिणीकडेच आहेत. माझा अंदाज बरोबर होता की नाही, हे त्यामुळे कळायचं राहूनच गेलं आहे.