पस्तीस वर्षांनंतरची हजेरी

२०२३च्या डिसेंबरात मिरजेला आमच्या तुकडीचा स्नेहमेळावा झाला. १९८८ साली बारावीच्या गुणांवर तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळालेले आम्ही साठ-पासष्ट जण पस्तीस वर्षांनी एकत्र जमलो होतो. पहिल्या वर्षी शवविच्छेदनाच्या टेबलावर आडनावांच्या क्रमाने जे एकत्र आले, तेच पुढची साडेचार वर्षे आणि नंतरची वर्षभराची आंतरवासिता एकमेकांच्या सोबत राहिले. आमच्याकडे कोणाची मैत्री कोणाशी व्हावी, हे इंग्रजी वर्णमालेने ठरवले होते म्हणा ना!

सकाळच्या सत्रात प्रत्येकाने व्यासपीठावर येऊन तीन मिनिटांत आपली ख्यालीखुशाली सांगायची, असे ठरले होते. एक जण पुण्यात हृदयशल्यचिकित्सक आहे. एक मैत्रीण भूलतज्ज्ञ. ती पहाटेपासून पाच रुग्णालयांच्या फेऱ्या करते. एकाने सरकारी नोकरीत आयुष्य घालवून नुकतीच स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि तो आता द्राक्षबागेत रमला आहे. तुकडीतल्या तुकडीत तीन लग्ने झाली होती आणि तिन्ही जोडपी हजर होती, याला सर्वांत जास्त टाळ्या पडल्या. आपल्या मुलांना डॉक्टर होऊ दिले नाही, हे कित्येकांनी अभिमानाने सांगितले. त्याचा अर्थ काय लावावा, हे मला अजून उमगलेले नाही. शेवटी आठ नावे वाचली गेली आणि आम्ही उभे राहिलो. त्यांतले दोघे कोविडच्या दुसऱ्या लाटेत, काम करता करता गेले. एक माझ्याच टेबलावरचा होता.

माझी तीन मिनिटे मी एका मिनिटात संपवली. मी नुसती एम.बी.बी.एस. आंतरवासिता संपताच लग्न झाले आणि तासगावात दवाखाना थाटला, तो आजतागायत चालू आहे. ‘पुढे काय केलंस?’ या प्रश्नाची मला सवय आहे. पूर्वी तो टोचत असे. अलीकडे मी म्हणते, की घरातल्या तीन पिढ्या तपासल्या. हे उत्तर मी त्या दिवशीही दिले आणि लोक हसले. रात्री मात्र त्याच उत्तराची मला लाज वाटली.

रात्री जेवणानंतर स्वेटर-शाली पांघरून आम्ही दहा-बारा जण हिरवळीवर बसलो, तेव्हा खरी ख्यालीखुशाली सुरू झाली. पन्नाशी ओलांडलेल्या माणसांचे आई-वडील ऐंशीच्या घरात असतात. सकाळी त्यांचा उल्लेख जवळजवळ कोणीच केला नव्हता. हृदयशल्यचिकित्सक मित्र सांगू लागला, की त्याच्या वडिलांची एक दृष्टी काचबिंदूने गेली. काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही. कडेची नजर हळूहळू मिटत जाते आणि गेलेली परत येत नाही. वडील गावी. ‘माझा मुलगा एवढा मोठा डॉक्टर, तो दिवाळीला येतोच आहे,’ असे म्हणून ते दुसऱ्या कोणाकडे गेले नाहीत. आणि दिवाळीला मुलाने पाहिला तो त्यांचा रक्तदाब. डोळ्यांकडे पाहायचे त्याला सुचलेच नाही. तो हे सांगत असताना कोणीच काही बोलले नाही.

मग मी माझ्या आईविषयी बोलले. ती एक्याऐंशी वर्षांची. दवाखान्याच्या वरच्याच मजल्यावर माझ्याजवळ राहते. दिवाळीपासून ती मलूल झाली होती. रोज सकाळी शब्दकोडे सोडवणारी बाई वर्तमानपत्र उघडेनाशी झाली. जेवणाची वासना गेली, बोलता बोलता धागा सुटू लागला, न्हाणीघराच्या उंबऱ्याशी दोनदा पडली. मी तिला कॅल्शियम दिले, बी-बाराची इंजेक्शने दिली आणि मनाशी स्मृतिभ्रंश म्हणून नोंद करून मोकळी झाले. ‘वय झालं आता तिचं,’ असे मी त्या हिरवळीवर म्हणालेसुद्धा.

इंग्लंडमध्ये वृद्धोपचाराचे काम करणारी माझी मैत्रीण शेजारीच बसली होती. तिने विचारले, ‘‘दिवाळीच्या आसपास नवीन काय सुरू केलं?’’

मी आठवून सांगितले. ऑक्टोबरात आईचा रक्तदाब आटोक्यात राहीना, म्हणून हृदयरोगतज्ज्ञांनी क्लोरथॅलिडोन ही गोळी वाढवली होती.

‘‘आणि आधीचं काय काय चालू आहे?’’

बाकीची नावे सांगता सांगता मी एस्सिटॅलोप्रॅमपाशी आले. दोन वर्षांपूर्वी बाबा गेल्यावर आई खचली होती, तेव्हा ती गोळी मीच सुरू केली होती आणि तिच्याकडे पुन्हा कधी वळून पाहिले नव्हते.

‘‘सोडियम कधी पाहिलंस?’’

मी गप्प राहिले.

‘‘अगं, तुझ्या दवाखान्यात दुसऱ्या कोणाची आई अशी आली असती, तर तू काय केलं असतंस?’’

याचे उत्तर मला ठाऊक होते. क्लोरथॅलिडोन लघवीवाटे पाण्याबरोबर सोडियमही बाहेर टाकते. एस्सिटॅलोप्रॅममुळे काही वृद्धांच्या शरीरात पाणी साठून राहते आणि रक्तातले सोडियम पातळ होते. दोन्ही औषधे चांगली आहेत आणि मी ती आजही लिहून देते. पण वाढत्या वयात दोन्ही एकत्र आली, त्यात जेवण कमी आणि मीठ तोडलेले, की सोडियम घसरण्याचा धोका वाढतो. मग माणूस मंदावतो, बरळतो, तोल जाऊन पडतो. आणि आपण म्हणतो, वय झाले.

दुसऱ्या दिवशी सगळे जुने वसतिगृह पाहायला जाणार होते. मी पहाटेच तासगावला परतले. रविवार होता, प्रयोगशाळेच्या मालकांनी माझ्या शब्दाखातर कुलूप उघडले. सोडियम १३५ ते १४५ असावे लागते. आईचे ११८ निघाले. तिला सांगलीला दाखल केले. असे सोडियम घाईने चढवता येत नाही. दिवसाला आठ-दहा एककांहून अधिक चढले, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून दर काही तासांनी रक्त तपासत, थेंबाथेंबाने. दोन्ही गोळ्या बंद केल्या. पाचव्या दिवशी आकडा १३३ वर आला आणि आईने वर्तमानपत्र मागितले.

तिच्या खाटेशेजारी बसून मी हिशेब करत होते. आईला मी किती वर्षांत तपासले नव्हते? जिन्यात भेटली की ‘कशी आहेस?’ विचारायचे, गोळ्या संपल्या की खालून पाठवायच्या, तज्ज्ञांनी नवी लिहिली की डब्यात भर घालायची. तिच्या नावाचा केसपेपर माझ्या दवाखान्यात नव्हता. ज्यांच्या घरी डॉक्टर नाही, अशांचे आई-वडील माझ्याकडे रांगेत बसून नीट तपासले जातात. माझी आई त्या रांगेत कधी आलीच नव्हती.

अमेरिकेत मार्क बिअर्स या वैद्याने १९९१ साली वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी प्रसिद्ध केली. ती आजवर अनेकदा सुधारली गेली आहे. आपल्या घरातही असा धांडोळा घेता येतो. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या सगळ्या गोळ्या, मलमे, डोळ्यांचे थेंब, दुकानातून आणलेल्या सर्दीच्या व झोपेच्या गोळ्या, काढे आणि चूर्णेसुद्धा एका पिशवीत भरून एकाच डॉक्टरांपुढे ओता. प्रत्येकीबद्दल विचारा: ही कोणी सुरू केली, कशासाठी, आणि अजून लागते का? सर्दीच्या साध्या गोळीने प्रोस्टेटच्या आजोबांची लघवी तुंबल्याचे मी पाहिले आहे. मधुमेहाची ग्लिबेनक्लामाइड ही गोळी जुन्या सवयीने चालू राहिली आणि आजींचे जेवण निम्म्यावर आले, तर पहाटे साखर उतरून त्या बेशुद्ध पडू शकतात. मात्र एक गोष्ट कृपा करून पाळा: हे वाचून एकही गोळी आपल्या मनाने थांबवू नका. स्टेरॉइड, फिट्सवरील औषधे, हृदयाची काही औषधे आणि मनाच्या आजारावरील गोळ्या एकाएकी तोडल्याने अनर्थ होतो. आईची एस्सिटॅलोप्रॅम आम्ही लगेच थांबवली, ती रुग्णालयात डोळ्यांसमोर ठेवून.

मैत्रिणीला मी फोनवर आईचे आकडे कळवत होते. ती म्हणाली, ‘‘आता दर महिन्याला तिला खाली दवाखान्यात बोलावत जा. वर जाऊन तपासू नकोस.’’ त्याचे कारण मला प्रत्यक्षात उतरल्यावर कळले. वर मी मुलगी असते आणि आई मला चहा विचारते.

आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आई जिना उतरून येते. हातात कापडी पिशवी, पिशवीत सगळ्या गोळ्यांची पाकिटे आणि शब्दकोड्याची घडी. पहिल्या खेपेला माझ्या कंपाउंडरने तिला अदबीने सरळ आत न्यायला पाहिले, तेव्हा ती बाकावर दोन आजोबांच्या मध्ये बसत म्हणाली, ‘‘थांब रे, माझा नंबर चौथा आहे.’’