ही पोरगी कुठली?

माझी धाकटी मुलगी मास मीडियाच्या वर्गात शिकते. मध्यंतरी तिला कॉलेजातून एक काम मिळाले. एक पॉप गायिका कल्पायची, तिच्या अल्बमचे पाकीट बनवायचे आणि त्याला जुळणारी मासिकातली पानभर जाहिरात करायची. पोरगी म्हणाली, "पप्पा, तुम्ही हेच करायचात ना?" मी म्हटले, हेच करायचो बाई. या घराचे भाडे आणि तुझ्या ताईची फी त्याच्यातूनच गेली. मग माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. तिच्यात जुन्या कॅसेटची इनले कार्डे आहेत, रबर लावून बांधलेली. तिने एकेक उलगडून पाहिले आणि दोन कार्डे शेजारी शेजारी ठेवून विचारले, "या दोघी बहिणी का?"

बहिणी नाहीत. एकच मुलगी आहे ती. त्याचीच ही गोष्ट.

आताच्या मुलांना कॅसेट म्हणजे काय इथपासून सांगावे लागते. फिलिप्स कंपनीने १९६३ साली ही कॅसेट बाजारात आणली. त्याआधी तबकडी होती. तबकडीचे पाकीट फूटभर लांब, फूटभर रुंद, त्याच्यावर चित्रकाराला हात पसरायला जागा. कॅसेटने ती जागा खाल्ली. इनले कार्डाची समोरची बाजू अडीच इंच बाय चार इंच, मधला कणा अर्धा इंच आणि मागे वळणारी पट्टी बोटभर. एवढ्यात गायकाचा फोटो, नाव, कॅसेटचे नाव, दोन्ही बाजूंची गाणी, गीतकार, संगीतकार, किंमत हे सगळे बसवायचे. शिवाय वर्तुळातला पी आणि वर्तुळातला सी. पी म्हणजे ध्वनिमुद्रणाचा हक्क, सी म्हणजे छापलेल्या मजकुराचा आणि चित्राचा. गाणाऱ्याचे नाव बहुधा त्या दोन्ही वर्तुळांपुढे नसायचे, तिथे कंपनीचे नाव असायचे.

आमचे वस्ताद सांगत, कणा आधी कर. का, तर दुकानात कॅसेटी उभ्या रचलेल्या असतात, गिऱ्हाइकाला फक्त कणा दिसतो. आणि जाहिरातीबद्दल सांगत की जाहिरात सुंदर नसली तरी चालेल, पण ती पाहिलेल्या माणसाला दहा फुटांवरून दुकानातली कॅसेट ओळखता आली पाहिजे. म्हणून फोटो तोच, अक्षराचे वळण तेच, रंग तोच. फक्त मासिकाचे पान कार्डापेक्षा रुंद असते, त्यामुळे फोटो काढतानाच दोन्ही बाजूंना मोकळी जागा ठेवावी लागते. ती नाही ठेवली तर पुढे डोके कापावे लागते नाहीतर पान रिकामे राहते.

मी गिरणी कामगाराचा मुलगा. हात चित्राचा होता म्हणून एका स्टुडिओत पेस्टिंगला लागलो. ब्रोमाइड कापायचे, रबर सोल्युशनने चिकटवायचे, वर ट्रेसिंग पेपर लावून रंगांच्या सूचना लिहायच्या. पुढे संगणक आला तो शिकलो.

१९९५ साली अलिशा चिनॉयची 'मेड इन इंडिया' आली आणि गाजली. सिनेमाशिवायही गाणी खपतात हे बाजाराला कळले आणि जो तो पॉप गायिका शोधू लागला. अशाच एका कंपनीने १९९६ मध्ये आमच्या शेजारच्या चाळीतली एक मुलगी निवडली. तिचे नाव मी लिहीत नाही, तिला ते आवडणार नाही. वडील नव्हते. आई घरकामाला जाई, सांभाळले आजीने. लहानपणी जयंतीच्या गायन पार्टीत कोरसला उभी राही, मग ऑर्केस्ट्रात गाऊ लागली. आवाज असा की लाउडस्पीकर फाटका असला तरी शब्द न् शब्द कळावा. आणि रंगाने सावळी. सावळी म्हणजे आपण लग्नाच्या जाहिरातीत लिहितो तशी "निमगोरी" नव्हे, चांगली काळीसावळी, तुकतुकीत.

कंपनीचे काम आमच्या स्टुडिओत आले आणि योगायोगाने माझ्या टेबलावर आले. तिला केवढा आनंद. म्हणाली, "दादा, आता काळजी नाही. तुम्हीच करताय." फोटो छान निघाले होते. हातात माइक, केस मोकळे, मान किंचित तिरकी. मी डमी करून कंपनीच्या साहेबांपुढे ठेवली. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, "आडनाव काढा, कण्यावर मावत नाही. नुसतं नाव पुरे." दुसरी, "चेहरा उजळ करा. पॉप आहे हे, बाजारात चाललं पाहिजे."

आडनाव मावत होते. मी मोजून पाहिले होते. चार इंच लांबीच्या पट्टीत ते नाव, आडनाव आणि कॅसेटचे नाव बसून वर बोटभर जागा उरत होती. मी ते बोललो नाही. स्टुडिओत तेव्हा माझी नोकरी कायम नव्हती, आणि घरी पहिली मुलगी सहा महिन्यांची होती. हे कारण म्हणून सांगत नाही, तसे होते म्हणून सांगतो.

आता चेहरा उजळ कसा करतात ते सांगतो. छपाईत माणसाचा चेहरा चार शायांच्या ठिपक्यांनी बनतो: पिवळी, मॅजेंटा, सायन आणि काळी. गोऱ्या कातडीत पिवळी आणि मॅजेंटा मुख्य, सायन अगदी थोडी. सावळ्या कातडीत सायन वाढते, काळीही येते. ती सायन आणि काळी उतरवली की माणूस गोरा होतो. एवढी सोपी गोष्ट आहे. संगणकावर चेहऱ्याभोवती रेघ मारून तेवढाच भाग निवडायचा आणि आकडे कमी करायचे. ती रेघ मी मारली. कानाच्या पाळीपाशी, केसांच्या बटांमधून, हनुवटीखालून. सकाळी दहाला बसलो ते दोनला उठलो.

इनले कार्डावर फोटो खांद्यापर्यंतच होता म्हणून निभावले. पण जाहिरात पानभराची, तिच्यात ती कमरेपर्यंत दिसत होती. चेहरा गोरा आणि माइक धरलेला हात सावळा! साहेबांनी बोट ठेवले, "हा हात कुणाचा?" मग पुन्हा बसलो. पाच बोटे, प्रत्येक बोटाभोवती रेघ. नखे वेगळी काढावी लागली. तिच्या उजव्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग होता, स्टोव्हचा. सांगितले नव्हते तरी तोही त्या ओघात गेला.

वाचक बंधू-भगिनींनो, कंपनीला नावे ठेवणे सोपे आहे. पण माझी सख्खी बहीण रंगामुळे तीन ठिकाणी नाकारली गेली होती, आणि ती तिन्ही घरे आपलीच होती. आपल्या घरात पंचशील म्हटले जाते आणि सून बघायला निघताना "मुलगी उजळ आहे ना" हे आधी विचारले जाते. गोरे करणाऱ्या क्रीमच्या ट्यूबा आमच्या चाळीतही घरोघर होत्या. 'फेअर अँड लव्हली' बाजारात आली १९७५ साली. तिच्या नावातला 'फेअर' जायला २०२० उजाडावे लागले, आणि नाव बदलून मलम तेच राहिले.

बरे, यंत्रसुद्धा आपल्या बाजूचे नव्हते, हे मला फार उशिरा वाचनात आले. कोडॅक कंपनी फोटो धुणाऱ्या लॅबना एका गोऱ्या बाईचा फोटो नमुना म्हणून पाठवीत असे. शर्ली कार्ड म्हणत त्याला. तिची कातडी बरोबर उमटली की यंत्र बरोबर लागले असे समजायचे. काळ्या माणसांचे चेहरे त्या फिल्मवर डांबरासारखे येत. त्यात सुधारणा व्हायला मोठा धक्का कुणी दिला? लाकडी फर्निचर विकणाऱ्यांनी आणि चॉकलेटवाल्यांनी. त्यांच्या मालाच्या तपकिरी छटा नीट येत नव्हत्या! म्हणजे माणसांपेक्षा कपाटांची तक्रार आधी ऐकली गेली.

कॅसेट छापून आली. मुलीने पहिली प्रत घरी आणली, पेढे आणले आणि मला बोलावणे पाठवले. आजीच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झाले होते, जाड भिंगाचा चष्मा होता. नातीने कॅसेट तिच्या हातात दिली. आजीने ती दाराकडे नेऊन उजेडात धरली. पुष्कळ वेळ पाहिले. मग म्हणाली, "कपडं हिचंच हायत. पोरगी कुठली?"

सगळे हसले. तिची आई म्हणाली, "अगं, तुझीच नात आहे ती, दिसत नाही का?" आजी म्हणाली, "दिसतंय मला. डोळं आत्ताच करून आणल्यात." आणि कॅसेट परत दिली. मग ती जाहिरात दाखवली. आजीने बोटाने तिचे मनगट चाचपल्यासारखे केले, काही बोलली नाही. तो डाग पडला तेव्हा स्टोव्ह आजीच पेटवत होती हे मला नंतर कळले.

मी पेढा हातात घेऊन उभा होतो. खाल्ला की नाही आठवत नाही.

ती कॅसेट फारशी चालली नाही. कंपनीने दुसरी मुलगी शोधली. पुढल्या वर्षी, १९९७ मध्ये, ही मुलगी माझ्या घरी आली. ऑर्केस्ट्राचे साठवलेले पैसे घेऊन जयंतीच्या गाण्यांची स्वतःची कॅसेट काढत होती. म्हणाली, "दादा, चार रंगांचे पैसे नाहीत. दोनच रंग. पण या वेळी आजीला ओळखता येईल असं करा." रागावून बोलली असती तर बरे वाटले असते.

या कामात मी जे शिकलो ते आधीच्या आठ वर्षांत शिकलो नव्हतो. दोन शाया, काळी आणि निळी. जाहिरात द्यायची एका साप्ताहिकात, म्हणजे रद्दीसारखा कागद. त्या कागदावर शाई पसरते, ठिपके एकमेकांत मिसळतात आणि सावळ्या चेहऱ्याचा काळा गोळा होतो. म्हणूनच गोरे करा म्हणतात, असे मला पूर्वी वाटे. पण उपाय निराळा आहे. सावळा चेहरा कातडीच्या रंगापेक्षा तिच्यावरच्या चमकेने दिसतो. लग्नाचे फोटो काढणारा माझा एक मित्र होता. त्याने फ्लॅश लावलाच नाही. तिला चाळीच्या जिन्यातल्या खिडकीपाशी बसवले, दुसऱ्या बाजूला तिच्या आईने पांढरी चादर ताणून धरली. कपाळावर, गालाच्या हाडावर, नाकाच्या शेंड्यावर उजेडाची एकेक रेघ आली. मागची भिंत मुद्दाम फिकी ठेवली म्हणजे चेहऱ्याची कड सुटी राहील. जाहिरातीसाठी जाळी जाडी घेतली, ठिपके मोठे पण सुटे. गडद भागातली शाई थोडी हलकी केली, पसरून जेवढी वाढेल तेवढीच. चेहरा होता तसाच राहिला.

आडनाव कण्यावर घातले. सहज मावले.

एका शीटवर बारा कार्डे बसवली, त्यामुळे हजार कार्डांना शंभर शीटसुद्धा लागली नाहीत. एकरंगी मशीनवर आधी निळा, तो वाळल्यावर काळा. दुसऱ्या फेरीला रजिस्टर हलले आणि पहिल्या काही शीटवर तिचे डोळे निळे झाले. मशीनवाला म्हणाला, "हे तुमच्या कंपनीला पाठवा, त्यांना आवडेल." मला हसू आवरेना.

आजीने ते कार्ड पाहिले आणि काहीच म्हटले नाही. नुसते पदराने पुसले आणि फोटोच्या चौकटीच्या काचेत खोचून ठेवले.

त्या वर्षी ६ डिसेंबरला दादरला आम्ही फळीवर कॅसेटी मांडून बसलो होतो. आजूबाजूला नामवंत गायकांचे मोठे स्टॉल, त्यांचे भोंगे. आमच्याकडे कोण बघणार? दुपारी एक बाई आल्या, बरोबर दोन मुले. पायात चपला नव्हत्या. त्यांनी कमरेची पिशवी सोडली आणि तिच्यातून चार घड्या केलेला कागद काढला. साप्ताहिकातली आमची जाहिरात, कात्रीने नव्हे, हाताने फाडलेली. वाचता येत नव्हते त्यांना. त्यांनी तो कागद फळीवर पसरला, एक कॅसेट उचलून त्याच्या शेजारी ठेवली, एकदा इकडे पाहिले, एकदा तिकडे पाहिले. मग फळीमागे उभ्या असलेल्या मुलीकडे पाहिले.

"तूच ना गं ही?"

ती म्हणाली, "हो, मीच."

बाईंनी दोन कॅसेटी घेतल्या. एक शेजारणीसाठी होती.