वस्तऱ्याचं शिंग

पुण्याच्या जुन्या बाजारात, गंजक्या पान्यांच्या आणि नळाच्या तोट्यांच्या ढिगात तो पडला होता. उघडता उघडेना. विकणाऱ्याने जोर लावून पातं बाहेर काढून दाखवलं आणि दोनशेला माझ्या गळ्यात मारलं. घरी आल्यावर भिंगातून, गंजाखाली, 'शेफील्ड' एवढंच वाचता आलं.

पोलादाशी माझं जमतं. हंट्समन नावाच्या घड्याळजीने १७४० च्या दशकात शेफील्डला मुशीत पोलाद वितळवलं ते घड्याळाच्या स्प्रिंगांसाठी. वस्तरेवाल्यांनी ते मागाहून उचललं. असल्या पात्याशी घाई करू नये. माझा पहिला वस्तरा मी मोटरच्या चाकावर धरून चकचकीत केला, कड निळी पडली आणि पात्याचं पाणी उतरलं. आता तो पाकिटं फोडतो. तेव्हापासून ओला पॉलिशपेपर आणि बोट, बस्स. खड्डे राहिले तर राहोत, देवीच्या वणांसारखे.

जीव अडकतो तो शिंगात. त्याला मूठ म्हणावं तर दाढी करताना ते बोटांच्या वर उभं. म्यान म्हणावं तर पात्यापासून कधी सुटत नाही. दोन पट्ट्या, पितळेच्या खिळ्या, शेपटाशी शिशाची पाचर. खिळ्यांची डोकी कानशीने उडवली तशा पट्ट्या सुट्या झाल्या आणि आतून दिसली कसर. लोकरीला लागते तीच. शिंग, नख, केस, लोकर, सगळं एकाच केराटिनचं. शिंग घासताना वासही केस जळल्याचा येतो. केस कापणाऱ्या पात्याला जन्मभर पोटाशी धरायचं कुणी, तर केसांच्याच भाऊबंदाने!

कोरड्या शिंगाचे पापुद्रे सुटतात, म्हणून पट्ट्या पंधरा दिवस खोबरेलात बुडवल्या. अक्कल माझी नव्हे. रत्नागिरीच्या १८८० च्या गॅझेटियरमध्ये विजयदुर्गचे कारागीर शिंगाला खोबरेल लावत, विस्तवावर शेकत आणि मऊ पडलं की हवं तसं वळवत, असं वर्णन आहे. सोळाव्या दिवशी काळीकुट्ट पट्टी उजेडात धरली, तर आरपार मधाच्या रंगाची एक रेघ. शेफील्डला हिंदुस्थानातून म्हशीची शिंगं जात. हे त्यांतलंच की काय, सांगता यायचं नाही. पण त्या रेघेकडे बघताना मला डबक्यात बसलेली, डोळे मिटून रवंथ करणारी म्हैस दिसली खरी.

कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याला नेऊन दाखवला. त्याच्याकडे अर्ध्या ब्लेडचे वस्तरे, गिऱ्हाईकागणिक नवं ब्लेड. त्याने अंगठा धारेवर आडवा फिरवला, बराच वेळ उघडमीट केली. "आजोबांच्या धोपटीत असला होता," म्हणाला. आणि परत देताना, "काका, गालाला नका हां लावू एवढ्यात."

लावायची वेळच आली नाही. श्रावणात डावी पट्टी आतल्या अंगाला झुकली आणि मिटताना धार शिंगाला घासू लागली. शेकून, दाबून सपाट केलेलं असलं तरी शिंगच ते. ओल मिळताच आपल्या जुन्या वळणाकडे निघालं. मी खिळ्या पुन्हा काढल्या. गरम पाण्यातून काढलेली पट्टी आता दोन फळकुटांत आवळून खिडकीत ठेवली आहे. स्क्रूला रोज अर्धा आटा देतो, जास्त नाही.