हुशार आहे हो, पण…

मराठी घरात मुलाविषयी बोलताना एक वाक्य हमखास कानावर पडतं. “हुशार आहे हो, पण अभ्यास करत नाही.” पालकसभेत, लग्नाच्या पंगतीत, गॅलरीतून गॅलरीत. सूर तक्रारीचा, पण आत अभिमानाचा पेढा दडवलेला. ज्याच्याविषयी हे चाललेलं असतं तो मुलगा शेजारीच मान खाली घालून उभा असतो, आणि त्याला यातला हिशेब आईवडिलांच्या आधी कळतो. अभ्यास केला नाही आणि मार्क कमी पडले, तर हुशारी शाबूत. अभ्यास केला आणि तरीही कमी पडले, तर मात्र पंचाईत. मग पुस्तक न उघडणं हेच शहाणपणाचं.

या एका वाक्यावर अख्खं आयुष्य काढलेली माणसं मी पाहिली आहेत. पन्नाशी उलटली तरी ‘मनात आणलं असतं तर एमपीएससी सहज काढली असती’ असं म्हणणारे. पेटी वाजवू शकले असते, नाटकात गेले असते, धंद्यात पडले असते. पडले नाहीत, म्हणून आपटलेही नाहीत. त्यांची स्वतःविषयीची कल्पना शोकेसमधल्या परदेशी कपबशीसारखी असते. सुरेख, अखंड आणि चहाला निरुपयोगी.

क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक या दोन मानसशास्त्रज्ञ बायकांनी १९९८ साली हेच मुलांवर तपासून पाहिलं. पाचवीच्या मुलांना कोडी दिली. सोडवून झाल्यावर काहींना म्हटलं, तू हुशार दिसतोस. काहींना म्हटलं, तू बरीच मेहनत घेतलेली दिसतेस. पुढचं कोडं कसलं हवं असं विचारल्यावर ‘हुशार’ मुलं बहुतेक करून सोप्याकडे वळली. मग सगळ्यांना मुद्दाम अवघड कोडी दिली, सगळ्यांचीच दांडी उडाली, आणि नंतर आपले गुण दुसऱ्या मुलांसाठी कागदावर लिहायला सांगितले. ‘हुशार’ गटातल्या जवळजवळ चाळीस टक्के मुलांनी ते वाढवून लिहिले. यावर उभ्या राहिलेल्या पुढच्या सिद्धांतांवर बरेच वाद झाले, आणि शाळाशाळांतून त्याचा जो सण साजरा झाला तो अतिच होता. पण गुण वाढवून लिहिणारी ती मुलं मला फार ओळखीची वाटतात. कौतुकाने त्यांना काही दिलं नव्हतं. सांभाळायला एक जोखीम दिली होती.

आत्मसन्मान या गोष्टीचा अपूर्णांक विल्यम जेम्सने १८९० मध्येच मांडून ठेवला होता. अंशस्थानी यश, छेदस्थानी आपण स्वतःकडून बाळगलेल्या अपेक्षा. यश वाढवा किंवा छेद कमी करा, उत्तर मोठं येणारच. त्याने उदाहरण दिलं होतं एका मुष्टियोद्ध्याचं. जगात दुसरा आहे, म्हणजे एक सोडून सगळ्या पृथ्वीला लोळवू शकतो, आणि त्या एकापायी शरमेने अर्धा झाला आहे. दहावीची गुणवत्ता यादी छापली जायची त्या काळातल्या लोकांना हे समजावून सांगायला नको. बोर्डात दुसरा आलेल्या मुलाचा पेढा भरवतानाचा फोटो आठवावा. पेढा तोंडात, डोळे दुसरीकडेच. उलट ज्याने पस्तीस टक्क्यांच्या वर कधी डोळे उचललेच नाहीत, तो छत्तीस पडल्यावर गल्लीभर नाचलेला मी पाहिला आहे, आणि त्याच्या नाचण्यात खोट नव्हती.

अमेरिकेत या अपूर्णांकाचं उत्तर सरकारी खर्चाने वाढवायचाही प्रयत्न झाला. कॅलिफोर्नियाचे आमदार जॉन वास्कोन्सेलोस यांनी १९८६ मध्ये त्यासाठी चक्क एक सरकारी समिती नेमवून घेतली. पंचवीस सभासद, तीन वर्षं, सात लाख पस्तीस हजार डॉलर. लोकांच्या मनात स्वतःविषयी चांगलं मत रुजवलं की गुन्हे, व्यसनं, अल्पवयातली बाळंतपणं, सरकारी मदतीवर जगणं, सगळं आटोक्यात येईल आणि तिजोरीचाही भार हलका होईल अशी कल्पना. व्यंगचित्रकारांनी भरपूर हात धुऊन घेतले. समितीसाठी अभ्यास करणाऱ्या प्राध्यापकांना आत्मसन्मानाचा या सगळ्या दुखण्यांशी असलेला संबंध फारच पुसट आढळला. तरी अहवाल निघाला, गाजला, शाळांतून ‘मी खास आहे’ची गाणी सुरू झाली. पुढे २००३ मध्ये रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरच्या संशोधनाची झाडाझडती घेतली. स्वतःविषयी चांगलं वाटतं म्हणून मार्क वाढतात याला फारसा पुरावा मिळाला नाही. मार्क चांगले पडले की थोडं बरं वाटतं, एवढं मात्र खरं. बैलापुढे गाडी जुंपलेली होती. बाउमायस्टर स्वतः एकेकाळी या कल्पनेचे पाठीराखे होते, हे सांगायला हवं.

आपल्याकडे सरकारने असं काही केलं नाही. ते काम विजेच्या खांबांनी केलं. ‘इंग्लिश स्पीकिंग, व्यक्तिमत्त्व विकास, स्टेज डेअरिंग’, खाली मोबाईल नंबर. तालुक्याच्या कुठल्याही गावात एसटी स्टँडपासून बाजारपेठेपर्यंत चालत जा, दर तिसऱ्या खांबावर आत्मविश्वास भेटतो. मला या क्लासवाल्यांची टिंगल करवत नाही. तिथे येणारी मुलगी काय धरून येते ते मी ऐकलं आहे: पुण्याच्या कंपनीत मुलाखतीला गेले, सगळं येत होतं, साहेबांनी इंग्रजीत विचारलं आणि मला माझं नावही सांगता येईना.

‘स्टेज डेअरिंग’ची आपली जुनी पाठशाळा म्हणजे एक ऑगस्ट. टिळक पुण्यतिथी. पावसाने गच्च झालेलं पटांगण, म्हणून सभा व्हरांड्यात. तिसरी-चौथीतलं पोर पुढे येतं, हात शिवणीला चिकटवतं आणि एका दमात अध्यक्ष महाशय, गुरुजनवर्ग आणि बालमित्रांना घेऊन थेट शेंगांच्या टरफलांपर्यंत पोचतं. तिथे गाडी अडते. टरफलं कोणी टाकली हे सगळ्या शाळेला पाठ असतं, फक्त त्याला आठवत नाही. पोर पुन्हा मागे जाऊन पहिल्यापासून रुळावर येतं, वेग वाढवतं, आणि नेमकं त्याच टरफलावर घसरतं. मागच्या रांगेत खसखस पिकते. बाई ओठांनी शब्द पुरवतात. पोर खाली बसतं. पुढची तीस-चाळीस वर्षं हा माणूस सोसायटीच्या सभेत हात वर करत नाही. भाषण पडलं, इतकंच झालं होतं. पण बसताना त्याने मनात जी नोंद केली ती भाषणाची नव्हती, स्वतःची होती.

या नोंदीवरच अल्बर्ट एलिस यांनी आयुष्यभर हातोडा चालवला. १९१३ साली पिट्सबर्गमध्ये जन्म, न्यूयॉर्कमध्ये वाढले, लहानपणी मूत्रपिंडाच्या दुखण्याने वारंवार इस्पितळात. चारचौघांत बोलायची त्यांना प्रचंड भीती आणि मुलींशी बोलायची त्याहून जास्त. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी स्वतःला शिक्षा म्हणावी असा गृहपाठ दिला. ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात जायचं, बाकावर एकटी बाई दिसली की त्याच बाकावर बसायचं आणि मिनिटाच्या आत बोलायला सुरुवात करायची. त्यांच्या सांगण्यानुसार महिन्याभरात १३० बायका झाल्या. तीस ताबडतोब उठून गेल्या, शंभर जणींशी बोलणं झालं. एकीने भेटायला यायचं कबूल केलं आणि ती आलीच नाही. (उठून गेलेल्या त्या तीस बायकांच्या बाजूनेही ही गोष्ट कुणीतरी लिहायला हवी. त्यांची दुपार कशी गेली?) म्हणजे निकाल शून्य. पण एलिस यांच्या लक्षात आलं की शंभर वेळा नकार मिळूनही आभाळ कोसळलेलं नाही. भीती त्या महिन्यात गेली, यश न मिळता गेली. जेम्सच्या अपूर्णांकात हे बसत नाही. अंश शून्य असताना उत्तर वाढलं कसं?

पुढे १९५५ च्या सुमारास त्यांनी आपली उपचारपद्धती मांडली. महाराष्ट्रात ती विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती म्हणून रुजली ती मुख्यतः कि. मो. फडके यांच्यामुळे. त्यांचा एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार होता. डॉ. अंजली जोशी यांनी तर एलिस यांच्यावर मराठीत अख्खी कादंबरी लिहिली. ब्राँक्सच्या बाकावरचा हा लाजाळू मुलगा ठाण्या-पुण्याच्या वाचकांना इतका जवळचा वाटावा, यात मला नवल वाटत नाही. ‘लोक काय म्हणतील’ या आजारावर औषध शोधणाऱ्या माणसाला आपल्याकडे रोगी शोधत हिंडावं लागत नाही.

एलिस यांचं म्हणणं ऐकायला सोपं आणि गिळायला कठीण आहे. कृतीला गुण द्या, माणसाला देऊ नका. भाषण फसलं, हे मूल्यमापन. मी फसलेला, ही अंधश्रद्धा. आणि ते तिथेच थांबत नाहीत. भाषण उत्तम झालं म्हणून मी उत्तम, हीदेखील तितकीच अंधश्रद्धा, कारण उद्याच्या भाषणाला तेच उत्तमपण पणाला लागतं. म्हणून आत्मसन्मान वाढवायच्या भानगडीतच पडू नका, स्वतःला विनाअट स्वीकारा. नव्वदी ओलांडल्यावर त्यांनी आत्मसन्मानाला भ्रम ठरवणारं पुस्तकच लिहिलं. पेढा वाटणाऱ्या समाजाला हे पचणं अवघड. पराभवानंतर स्वतःला माफ करायला आपण एकवेळ शिकू, पण पहिल्या नंबरानंतर स्वतःला मोठं न मानणं? त्यापेक्षा एकादशी सोपी.

त्यांच्या गृहपाठातला एक प्रकार मला भारी आवडतो. भुयारी रेल्वेत बसून येणाऱ्या स्टेशनांची नावं मोठ्याने ओरडायची. लोक बघतात, हसतात, बाजूला सरकतात, आणि आपण जिवंत राहतो. मुंबईच्या लोकलमध्ये मात्र हा उपचार लागू पडणार नाही. ओरडलात तर पाच जण दुरुस्ती करतील आणि सहावा विचारेल, “फास्ट आहे का?” तिथे सकाळच्या गाडीत टाळ कुटत भजन म्हणणारे कारकून ऑफिसात पोचायच्या आधीच सगळी लाज विठ्ठलाच्या हवाली करून मोकळे झालेले असतात.

पण एलिस यांच्या औषधाला एक मर्यादा आहे, आणि ती मराठी मुलखात राहून विसरता येत नाही. कमीपणा प्रत्येक वेळी डोक्यात तयार झालेला नसतो. तो बाहेरून, पिढ्यान्‌पिढ्या, पाणवठ्यावर आणि देवळाच्या पायरीवर मोजून दिलेला असतो. तिथे ‘लोकांच्या मताला किंमत देऊ नका’ हा सल्ला कुचेष्टा ठरतो, कारण त्या मताच्या हातात काठी असते. मार्च १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबतचे हजारो लोक प्याले, ते तहान लागली म्हणून नव्हे. आणि डिसेंबरच्या परिषदेत, मनुस्मृतीच्या दहनानंतर, बाबासाहेब बायकांशी बोलले ते लुगड्यांविषयी आणि दागिन्यांविषयी. कुठली जात ते दुरूनच ओळखू यावं अशी नेसण्याची पद्धत सोडा, ते गळ्यातले-हातातले जाड दागिने उतरवा, मुलींना शिकवा. बायकांनी ते लगेच अमलात आणलं. तिथे आधी मन बदललं आणि मग लुगडं, की लुगडं बदलल्यावर मन, हे मला सांगता येणार नाही. दोन्हींच्या मध्ये फारसा वेळ गेला नसावा. व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांत या प्रसंगाला जागा नसते. त्यांतला आत्मविश्वास आरशासमोर एकट्याने कमवायचा असतो.

एकट्याने काही कमावता येतं का, अशीच शंका मला विहिरीकाठीही येते. गावाकडे पोरांना पोहायला शिकवायची पद्धत ठरलेली. पाठीवर वाळका भोपळा नाहीतर पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा, कमरेला सोल, सोलाचं टोक काकाच्या हातात. आधी पायरीवर बसून नुसते पाय हलवायचे. मग काका ढकलतो. पोर ओरडतं, पाणी पितं, डबा त्याला वर आणतो. काही दिवसांनी डबा लहान होतो, सोल ढिला पडतो, आणि एके दिवशी पलीकडच्या कपारीला हात टेकल्यावर पोराला कळतं की पाठीवर काही नव्हतंच. त्याला कुणी “तू पोहू शकतोस” असं सांगितलेलं नसतं. उलट शिव्याच घातलेल्या असतात.

अल्बर्ट बांडुरा यांनी स्टॅनफर्डमध्ये सापांना घाबरणाऱ्या लोकांशी जवळपास हेच केलं. आधी काचेतून दुसऱ्याला साप हाताळताना बघायचं, मग दारात उभं राहायचं, मग हातमोजे घालून स्पर्श, मग उघड्या हाताने. वर्षानुवर्षांची भीती काही तासांत ओसरायची. (आपल्याकडे नीलिमकुमार खैरे १९८० मध्ये पुण्यात बहात्तर विषारी सापांसोबत बहात्तर तास राहिले होते. त्यांना बांडुरांची गरज पडली नसावी.) बांडुरांना चकित केलं ते पुढच्या गोष्टीने. साप हातात धरलेली ही माणसं नंतर सांगू लागली की आता चारचौघांत बोलायलाही धजावतो. १९७७ च्या त्यांच्या गाजलेल्या लेखामागे ही सापांची कामं होती. हे येतं, हे जमतं, असा ठरावीक कामाविषयीचा विश्वास ते महत्त्वाचा मानत. मी थोर की क्षुद्र, हा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला.

हे दोन प्रश्न किती वेगळे असू शकतात ते आमच्या इमारतीतल्या एका काकूंमुळे मला दिसलं. साठीला आल्यावर डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी सांगितलं म्हणून त्या पालिकेच्या तलावावर जायला लागल्या. पहिले काही आठवडे कठड्याची नळी सोडली नाही. आज चार फुटांतून दहा फुटांत जातात, पाठीवर तरंगत गप्पा मारतात. बँकेतल्या साहेबाने मुदत ठेवीच्या जागी विमा गळ्यात मारायचा प्रयत्न केला तेव्हा “आधी हे मराठीत लिहून द्या” म्हणून काउंटरसमोर खुर्ची ओढून बसल्या. आणि तरीही कुणी कौतुक केलं की त्यांचं ठरलेलं उत्तर, “मला मेलीला काय येतंय!” चाळीस वर्षं सासरी ऐकलेलं वाक्य आहे ते, तोंडातून जात नाही. मी आधी त्याला उत्तर द्यायचो. आता देत नाही. परवा तलावावर नव्याने आलेली एक तरुण मुलगी नळी धरून थरथरत होती. प्रशिक्षक वरून शिट्टी मारून तिला सूचना देत होता. काकू पोहत तिच्यापाशी गेल्या, तिचा हात सोडवून आपल्या खांद्यावर ठेवला आणि वर बघून म्हणाल्या, “अहो सर, तुम्ही शिट्टी वाजवू नका हो, पोरगी घाबरते. मला काही येत नाही, पण हिला मी नेते पलीकडे.”